वेगाचा रकाना

…आणि खोडरबर आता करंगळीच्या नखाएवढं उरलं होतं, तरी ते चिमटीत धरून ती त्याच एका चौकटीवरून पुन्हा फिरवत होती, अगदी हलक्या हातानं, कारण तिथला कागद विरत चालला होता आणि फॉर्म उचलून दिव्यासमोर धरला तर सातव्या ओळीच्या शेवटच्या चौकटीतून उजेड नक्की आरपार आला असता. आधी तिथं पंचेचाळीस लिहिलं होतं. मग खोडून तेहेतीस. मग परत पंचेचाळीस, पण फिकट, म्हणजे लिहिल्यासारखंही आणि न लिहिल्यासारखंही – मग तेही खोडलं. दोन आकडे लिहायला माणसाला किती वेळ लागावा? तिला आठ दिवस लागले होते, आणि चौकट कोरीच होती. कोरी म्हणजे काय, मळकी.

अकरा रेकॉर्डी, अकरा ओळी. क्रमांक, नाव, साल, प्रती किती काढल्या, लांबी, वेग – म्हणजे रेकॉर्ड मिनिटाला किती फेरे घेते ते. दहा ओळी तिनं एका बैठकीत भरून टाकल्या होत्या, काही न बघता, कारण पोटमाळ्याचं सगळं तिला तोंडपाठ होतं. पोटमाळा म्हणजे त्यांची रेकॉर्ड कंपनी – तिची आणि धाकट्या भावाची. भाड्याच्या घराच्या पोटमाळ्यावर सुरू झाली म्हणून तेच नाव, आणि तिथून ती खाली कधी उतरलीच नाही. दोन सिंथेसायझर, एक ड्रम मशीन, तारांचा गुंता, आणि शब्द नसलेलं, गाणारा नसलेलं संगीत, जे ऐकून घरमालक एकदा वर येऊन म्हणाला होता की पंप बिघडलाय का बघा जरा. सहा वर्षांत अकरा रेकॉर्डी काढल्या आणि कंपनी बंद पडली. त्यालाही वीस वर्षं झाली. आता शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहाला ते सगळं हवं होतं. उरलेल्या प्रती, पत्रं, चित्रं, जुना रेकॉर्ड प्लेअरसुद्धा. संग्रहाचं काम बघणाऱ्या बाई आज पाच वाजता गाडी घेऊन येणार होत्या. चार वाजता धाकटा येणार होता, खोकी उचलायला.

फॉर्ममध्ये वेगाच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘कलाकारास अभिप्रेत असलेला वेग लिहावा.’ अभिप्रेत. नुसतं ‘वेग’ म्हटलं असतं तर रेकॉर्डवर जो छापलाय तो लिहून ती मोकळी झाली असती. छापलेला पंचेचाळीस होता. तो तिनंच छापला होता. आणि तो चुकीचा होता, हे साऱ्या जगात तिच्या एकटीला माहीत होतं – तिला आणि कदाचित धाकट्याला, आणि त्या ‘कदाचित’पाशी येऊन तिचा हात दर वेळी थांबत होता.

बाहेर बाकावर कोणीतरी खोकलं. तिनं फॉर्म कानांच्या आलेखांखाली सरकवला आणि दार उघडलं.

ती कान तपासते. दोन खोल्यांचं छोटं केंद्र आहे. पुढच्या खोलीत काचेची खिडकी असलेली, आवाज आत न येणारी केबिन, मागच्या खोलीत श्रवणयंत्रांची खोकी आणि गेली काही वर्षं, घर बदलल्यापासून, पोटमाळ्याची चौदा खोकी. माणसाला केबिनमध्ये बसवायचं, कानांवर हेडफोन घालायचे, हातात बटण द्यायचं. बारीकसा जरी सूर ऐकू आला तरी दाबा. मग आपण काचेच्या ह्या बाजूला बसून एकेक सूर सोडायचा, बारीक, आणखी बारीक, कुठं ऐकू येणं संपतं ती रेघ सापडेपर्यंत. काम तिला आवडायचं. फक्त एक गोष्ट ती कोणाला सांगत नसे. कधी यंत्राची तपासणी करायला ती स्वतः त्या केबिनमध्ये जाऊन बसली, जड दार लागलं आणि ती गच्च शांतता कानांवर बसली की मिनिटाभरात सातवी रेकॉर्ड सुरू व्हायची. आपोआप, डोक्याच्या आत. आणि सुरू व्हायची ती तेहेतीसवर, हळू, अगदी जशी धाकटा ती वर रचत होता त्या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या छतातून खाली झिरपायची तशी.

आज आलेले आजोबा निवृत्त बसचालक होते. सोबत बायको. ऐकू येत नाही अशी तक्रार बायकोची होती. त्यांचं म्हणणं, तिला बोलायला येत नाही.

“दूध आणा म्हटलं की ऐकू येत नाही,” बायको म्हणाली. “शेजारी सामना लागला की बरोबर ऐकू येतो.”

“शेजारी ओरडत नाहीत माझ्यावर,” आजोबा म्हणाले, आणि मोठ्या ऐटीत केबिनमध्ये जाऊन बसले, बस सुरू करायला बसावं तसे.

पहिले चार सूर ठीक गेले. पाचव्याला तिला शंका आली. सहाव्याला तिनं सूर सोडलाच नाही, नुसता खांदा हलवला, आणि आजोबांनी बटण दाबलं. पुन्हा एकदा. खांदा हलला, बटण दाबलं. मग वर बघून तिच्याकडे नजर, बरोबर ना? असं रोज कोणीतरी करतं. फसवावं म्हणून नाही. नापास व्हायची लाज वाटते, किंवा समोरच्या बाईला वाईट वाटू नये असंही वाटतं काहींना. इतक्या वर्षांत तिला ओळखता यायला लागलं होतं. ज्याला खरंच ऐकू येतं त्याची आधी नजर थांबते, क्षणभर कुठंच बघत नाही, आणि मग अंगठा हलतो. ज्याला ऐकू येत नाही त्याचा अंगठा आधी हलतो, आणि नजर नंतर तिच्याकडे येते. चोरून. तिनं खुर्ची फिरवून आजोबांकडे पाठ केली आणि चाचणी पहिल्यापासून घेतली, सावकाश. त्यांना नेमकं कुठपर्यंत ऐकू येतं ते सापडलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “पास ना?” आणि ती म्हणाली, “पास-नापास नसतं हो इथं,” हे ती दिवसातून चारदा म्हणायची. आज म्हणताना स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू आला.

पास-नापास नसतं. मग हे काय आहे?

दुपारी डबा उघडला आणि तसाच ठेवला. मागच्या खोलीत जाऊन सातव्या क्रमांकाचं खोकं उगीच जरा पुढं ओढलं. वरच्याच रेकॉर्डच्या मधोमध ती गोल चकती, करडा कागद, काळी अक्षरं, आणि खालच्या कडेला, मुंगीएवढे, ते दोन आकडे. मुंगीएवढेच, आणि आयुष्यभर चावत राहिलेले. ह्याच आकड्यांवर लोकांनी किती लिहिलं! तीनशे प्रतींतली एक कुठल्या कुठं, समुद्रापलीकडच्या कोणा रेडिओवाल्याच्या हाती लागली, त्यानं ती वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि कंपनी बंद पडल्यावर सगळ्यांना कंपनी आठवायला लागली. हल्ली तर इंटरनेटवर ती हजारो लोक ऐकतात. एकानं भलामोठा लेख लिहिला होता, त्यातलं एक वाक्य तिला पाठ आहे, ‘ह्या धापा टाकणाऱ्या वेगात एका पिढीची बेचैनी उतरली आहे.’ वाचून तिला हसू आलं होतं आणि मग रात्रीचं जेवण गेलं नव्हतं. पिढीची बेचैनी कसली, सहाव्या रेकॉर्डच्या चकतीवरून सातवीची चकती करताना नाव बदललं, क्रमांक बदलला, आणि वेग बदलायचा राहिला. बेचैनी एवढीच.

एवढीच होती का?

आमची एक रीत होती. रेकॉर्ड छापायच्या आधी कारखान्याकडून नमुन्याची प्रत यायची, पांढऱ्या चकतीची, वर काहीच न छापलेली. ती दोघांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, एकत्र, मध्ये न बोलता, आणि मग तिच्या पांढऱ्या पाकिटावर दोघांनी सही करायची. दोन सह्या असल्याशिवाय पुढं जायचं नाही. रीत माझीच, मीच हट्टानं पाडलेली. सातवीच्या वेळी धाकटा काचसामानाच्या गाडीवर कामाला जात होता, दोन दोन आठवडे बाहेर. जाताना त्यानं कोऱ्या पाकिटावर सही करून ठेवली. मी म्हटलं, अरे, ऐकल्याशिवाय? तर म्हणाला, “तू ऐक ना ताई. तुझे कान माझ्याहून बरे आहेत.” ही त्याची सही आणि हे त्याचं वाक्य. मग नमुना आला तेव्हा मी कामावरून धावत घरी आले होते, परत जायचं होतं, प्लेअर आदल्या रेकॉर्डनंतर पंचेचाळीसवरच राहिला होता, पांढऱ्या चकतीवर आकडा नव्हता… हे सगळं खरं आहे. ह्यातलं काहीही मी कोणाला सांगितलं असतं तर कोणीही म्हणालं असतं, होतं असं घाईत. पण त्यापुढचंही खरं आहे. नमुना लागला आणि मला कळलं नाही असं नाही. काहीतरी निराळं आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं. सबंध हिवाळाभर तो वर वाजवायचा आणि मी खालून ओरडायची, “अरे, जरा वेग वाढव, झोप येते!” आणि त्या दिवशी ते वेगात आलं, तर मला वाटलं, ऐकलं वाटतं माझं. बरं वाटलं मला. उभी राहून ऐकलं, मनगटावरच्या घड्याळात लांबी मोजली, सहा मिनिटं चाळीस सेकंद, ती चकतीसाठी लिहून घेतली, आणि त्याच्या सहीशेजारी माझी सही केली.

तिनं खोक्यावरची धूळ तळहातानं पुसली. हा ‘बरं वाटलं’चा भाग तिनं बावीस वर्षं स्वतःलासुद्धा नीट सांगितला नव्हता. चूक झाली, एवढ्यावर थांबायची. चूक कोणाचीही होते. पण चूक होताना आवडली होती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि मग तीनशे प्रती आल्या. धाकटा गाडीवरून परतला होता, अंगावर काचेचा बारीक भुगा, शर्ट दारातच झटकून आत आलेला. त्यानं एक रेकॉर्ड उचलली, चकती बघितली – बघितली, ती समोरच होती – आणि म्हणाला, “छान छापलंय.” परत ठेवली. लावली नाही. आठवड्यानं ती घरात एकटी असताना प्लेअर तेहेतीसवर होता, तिनं नकळत सातवी लावली, आणि छतातून झिरपणारा सबंध हिवाळा खोलीत उतरला. नऊ मिनिटं. मध्येच सगळं थांबतं, वाटतं संपलं, आणि मग खालून तो जाड, मऊ सूर येतो, कोणीतरी खांद्यावर शाल टाकावी तसा. पंचेचाळीसवर तो शालीसारखा नव्हता. धक्का दिल्यासारखा होता. ती खाली बसली. मूळ टेप बघावी तर ती धाकट्यानं पुसून दुसऱ्या कामाला घेतली होती. टेपा महाग होत्या, तसंच करायचे ते. म्हणजे पुरावा काही नाही. तिचे कान तेवढे. त्याच्याहून बरे असलेले.

आणि धाकट्यानं त्यानंतर एकही रेकॉर्ड केली नाही. करतो, करतो म्हणाला, मग म्हणेनासा झाला, मग लिफ्टच्या देखभालीचं काम शिकायला गेला. पुढच्या चार रेकॉर्डी दुसऱ्यांच्या होत्या, त्या तिनं एकटीनं ओढल्या, आणि मग ओढवेना. तिनं कधी विचारलं नाही का सोडलंस. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, ही भीती. एवढीशी गोष्ट, पण तिच्या भोवती त्या दोघांचं बोलणं बावीस वर्षं वळसा घालून जात होतं – आईचं आजारपण, त्याचं लग्न, भाचीची शाळा, सगळ्यावर बोलायचे, गाण्यावर नाही. आज खोकी गेली की तो विषयही जाणार होता. आणि चौकटीत पंचेचाळीस लिहिलं की तो कायमचा खोटा होऊन, ग्रंथालयाच्या शिक्क्यानिशी, जाणार होता.

धाकटा पावणेचारालाच आला. सेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, खिशात पाना. आल्या आल्या एक खोकं पुढच्या खोलीत ओढून त्यावर बसला.

“ताई, चहा आहे?”

चहा होता. तो पीत पीत तो एका लिफ्टबद्दल सांगत राहिला. कुठल्याशा दवाखान्यातली लिफ्ट तिसऱ्या मजल्यानंतर कण्हते, तीन जण येऊन बघून गेले, कोणाला काही सापडेना, शेवटी त्यानं आत बसून सकाळभर नुसते कान लावले आणि चाकाचा एक बोल्ट सैल आहे ते सांगितलं. “नुसतं ऐकून,” तो म्हणाला, आणि बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. ती उभी होती. हातात फॉर्म. तिला वाटलं, आता बोलले नाही तर पाच वाजतील.

“सातवी तेहेतीसची होती,” ती म्हणाली.

“काय?”

“सातवी रेकॉर्ड. तू तेहेतीसची केली होतीस. मी पंचेचाळीस छापलं. सहावीच्या चकतीवरून घेतलं आणि आकडा बदलायचा राहिला.” इथपर्यंत घडाघडा आलं, पाठच होतं. पुढचं मात्र कधी बोललेलं नव्हतं. “आणि नमुना मी पंचेचाळीसवर ऐकला. मला तसाच आवडला. म्हणून मग मी जास्त बघितलंही नाही. तुझी सही होतीच.”

त्यानं कपातला शेवटचा घोट घेतला.

“बरं,” तो म्हणाला. “मग?”

“मग काय! बावीस वर्षं जग ती चुकीच्या वेगानं ऐकतंय.”

“जग म्हणजे तीनशे जण.”

“आता नाही तीनशे. तुला माहितीये.”

“हां, भाची दाखवते तुझी.” त्यानं कप खाली ठेवला. “मला आठवत नाही गं.”

“काय आठवत नाही?”

“कुठल्या वेगानं केली होती ते. खरंच. तेव्हा एवढं काय काय करत होतो. तेहेतीस म्हणतेस तर असेल तेहेतीस.”

असेल तेहेतीस! तिला एकदम संताप आला, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. बावीस वर्षं मी हे उराशी धरून बसले, प्रत्येक लेख वाचताना कानकोंडी झाले, आणि ह्याला आठवत नाही. त्यानं रागवायला हवं होतं. निदान तोंड तरी उतरायला हवं होतं. त्याऐवजी तो उठून पान्याच्या टोकानं प्लेअरच्या खोक्याची चिकटपट्टी फाडायला लागला होता.

“अरे, बांधलंय ते!”

“पुन्हा बांधू. लाव तर खरी.”

सकाळी आजोबांची बायको बसली होती त्या खुर्चीवर प्लेअर ठेवला, तार लांबेना म्हणून खुर्ची भिंतीकडे ओढली, आणि तिनं सातवी लावली, आधी तेहेतीसवर. ती त्याच्या समोर, टेबलाच्या पलीकडे बसली, नेहमीच्या जागी. बसल्यावर लक्षात आलं. सुई टेकली, खरखर, आणि मग तो हळू ठोका. धाकटा खोक्यावर बसून ऐकत होता, अंगठा खोक्याच्या कडेवर. ती संगीत ऐकत नव्हती, चेहरा ऐकत होती. रोजचीच सवय. पाच मिनिटं काही नाही, चहा पिऊन बसलेल्या माणसाचा चेहरा. मग ते थांबणं आलं, सगळं संपल्यासारखं झालं, आणि त्या शांततेत, जाड सूर यायच्या नेमका आधी, त्याची नजर थांबली. कुठंच बघत नव्हता तो. अंगठा कडेवर दाबला गेला. आणि सूर आला… आणि मग त्यानं वर तिच्याकडे बघितलं.

नजर आधी थांबली म्हणजे ऐकू आलं. नजर नंतर वर आली म्हणजे नाही आलं. दोन्ही एकदम आजवर कोणी केलं नव्हतं.

“छान आहे,” तो म्हणाला. “आता तुझी लाव.”

तिची. तिनं वेग बदलला. पंचेचाळीसवर तो मांडीवर ताल धरून, मान हलवत ऐकत होता, थांबण्याच्या जागी त्याची नजर खिडकीकडे होती, आणि सूर आल्यावर तो हसला. “हीपण चालेल,” तो म्हणाला. “ही जास्त चालेल खरं तर. तू ओरडायचीस ना खालून.”

“म्हणजे आठवतंय तुला.”

“तुझं ओरडणं कोण विसरेल?”

मग तिनं विचारलं. एवढं झाल्यावर विचारणं सोपं होतं. सुई रेकॉर्डच्या शेवटच्या कोऱ्या गोलात फिरत टक्, टक् करत होती आणि ती म्हणाली, “मग सोडलंस का?”

त्यानं पाना खिशात घातला. “कंटाळा आला होता,” तो म्हणाला. “सहावीनंतरच आला होता. सातवी तुझ्यासाठी पुरी केली. तू एवढी राबत होतीस, पाकिटं चिकटवत होतीस, पत्रं लिहीत होतीस, तुला कसं सांगणार की मला आता वर चढून बसावंसंच वाटत नाही? म्हणून तर सही करून पळालो. ऐकायचीही इच्छा नव्हती.” मग जरा वेळानं, “कंपनी बंद झाली तेव्हा मला वाटलं, माझ्यामुळे झाली. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, चिडली आहेस.”

“मी?”

“मग काय. वीस वर्षं गाण्याचं नाव काढलं नाहीस.”

ती हसायला लागली. आधी थोडं, मग आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तोही हसायला लागला, काय झालं ते धड न कळता, लहानपणी हसायचा तसाच. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा, ठाण्णकन, आवाजासकट. हसता हसता तिच्या मनात एकदा येऊन गेलं की कंटाळ्याचं ह्यानं आत्ता रचलं असेल. रचू शकतो. लहानपणी तिनं फोडलेली बरणी आपणच फोडली असं हा आईला सांगायचा, आणि सांगताना त्याचा चेहरा असाच असायचा, चहा पिऊन बसल्यासारखा. खुर्ची फिरवून, त्याच्याकडे पाठ करून, पहिल्यापासून पुन्हा विचारलं असतं तर खरं काय ते सापडलं असतं. तिला ते येत होतं. तिनं खुर्ची फिरवली नाही. उठून सुई उचलली.

पाचला ग्रंथालयाच्या बाई आल्या, तिच्याहून दहाएक वर्षांनी लहान, हातमोजे घातलेल्या, नम्र. धाकट्यानं खोकी गाडीत नेली, खोकं दारातून कसं तिरकं काढायचं ते ड्रायव्हरला दोनदा शिकवलं. बाईंनी फॉर्म वरून खाली वाचला आणि सातव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“इथं कागद विरलाय.”

“हो. मीच. वेग लिहायचा राहिलाय,” ती म्हणाली, “म्हणजे नक्की काय लिहावं ते…”

“अहो, मग राहू दे. नक्की नसलं तर रिकामा सोडतात. निम्म्या लोकांचे रिकामेच असतात.” बाईंनी फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला. “ऐकणारे बघून घेतील.”

एवढं सोपं होतं. आठ दिवस आणि एक अख्खं खोडरबर. तिनं सांगायला तोंड उघडलं की दोन्ही वेगांवर ऐकायला सांगा त्यांना, दोन्हीवर, आधी हळू. पण बाई सही कुठं करायची ते दाखवत होत्या. तिनं सही केली. खालच्या ओळीत आणखी एक जागा होती. धाकट्याला आत बोलावलं, आणि तिनं त्याला आधी फॉर्म वाचायला लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मगच पेन दिलं.

“एवढं काय,” तो कुरकुरला, पण वाचला.

सगळे गेल्यावर मागची खोली मोठी दिसायला लागली. फरशीवर चौदा खोक्यांच्या चौदा स्वच्छ जागा, भोवती धूळ. झाडून घ्यायला हवं होतं. त्याआधी उद्यासाठी यंत्र एकदा तपासायचं होतं, म्हणून ती केबिनमध्ये गेली, बसली, हेडफोन घातले, बटण हातात घेतलं आणि दार ओढून घेतलं. शांतता येऊन कानांवर बसली. ती वाट बघत राहिली. भीत नव्हती, पाहुणा येणार हे माहीत असताना बघतात तशी, निवांत. काही वेळ काहीच नाही. स्वतःचा श्वास, मानेतली शीर. बरं वाटत होतं, पाठ टेकली होती, आणि कितीतरी दिवसांत खांदे असे खाली आले नव्हते. मग सातवी सुरू झाली. आधी ठोका, मग त्यावर ते बारीक, वर चढत जाणारं काही, आणि तिच्या लक्षात आलं की वेग कुठला आहे ते आपल्याला सांगता येत नाहीये. हळू म्हणावी तर हळू होती. मनगटावर घड्याळ होतं. मोजता आलं असतं.

तिनं बटण मांडीवर ठेवलं, आणि सगळं थांबेल त्या जागेची वाट बघत बसून राहिली.